सगळ्या टॅबवर चालणारा पेन

"टेकल्याबिगर रेघ येत न्हाई, बेटा," असं म्हणत सर आधी हात टेकवायचे. पेन नंतर. उजव्या तळव्याची करंगळीकडची कड काचेवर ठेवायची, जराशी इकडेतिकडे सरकवायची, नीट बसली का बघायची, आणि मग कुठे पेनाचं टोक खाली यायचं. फळ्यावर त्यांनी जन्मभर असंच लिहिलं. माझ्या दुकानातल्या टॅबवर तसाच हात टेकला की टॅबला वाटायचं, लिहिणारा हाच. तळव्याखाली वेडीवाकडी काळी रेघ उमटायची आणि पेन बिचारा मुका. सर हात उचलून त्या रेघेकडे बघायचे आणि विचारायचे, "हे कोणी काढलं?"

पहिल्यांदा मी पोट धरून हसले. पुढे पुढे हसू येईना.

माझं दुकान परभणीत, बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर. कव्हर, चार्जर, हेडफोन, फुटलेली काच बदलून मिळेल, विकायला दोनचार जुने टॅब, असलं सगळं. दिवसभर एकच प्रश्न ऐकते, "ताई, हे माझ्याला बसतंय का?" अरे बाबा, तुझं कोणतं ते तरी सांग! ते सांगायचं नाही, नुसतं बसतंय का. माझी जीभ जरा तिखट आहे, गिऱ्हाइकांना सवय झालीय. पण सर आले की मी तोंड आवरायची, कारण नववीला मी त्यांच्या वर्गात होते.

ती शाळा आता नाही. विनाअनुदानित होती, म्हणजे सरकारचा पैसा नाही आणि मास्तरांना पगारही नाही. अनुदान पुढच्या वर्षी मिळणार, ह्या आशेवर सगळे फुकट शिकवायचे. तुम्हीही असे मास्तर पाहिले असतील. पुढच्या वर्षीच्या आशेवर ज्यांचे केस पांढरे होतात ते. "होतंय की," सर म्हणायचे. "फाइल वर गेलीय." फाइल किती वर गेली देव जाणे, खाली काही आली नाही. शाळा बंद पडली तेव्हा सरांचं वय नोकरी मागण्याचं राहिलं नव्हतं आणि बसून खाण्यासारखं मागे काही नव्हतं.

पण त्यांचा गोल! तो तुम्ही पाहायला हवा होता. सर कंपास आणायचेच नाहीत. करंगळी फळ्यावर रोवायची, खडू अंगठ्याच्या चिमटीत लांब धरायचा आणि हात फिरवायला लागायचं. हात वळेनासा झाला की अंग वळायचं, मग कंबर, मग गुडघे. फळ्याच्या खाली वाकून पलीकडून वर निघायचे. आम्ही पोरी तोंडात ओढणी कोंबून हसू दाबायचो. पण खडू सुरुवातीच्या जागेजवळ यायला लागला की वर्ग चिडीचूप. शेवटचं बोटभर अंतर ते मुद्दाम हळू घ्यायचे. टोकाला टोक मिळालं की मागे सरकून म्हणायचे, "हे बघा. सुरू झालं तिथंच आलं." मला भूमिती कधीच जमली नाही, खोटं कशाला बोलू. पण तो गोल मिटताना छातीत जे व्हायचं ते अजून आठवतं.

शाळा गेल्यावर सर क्लासमध्ये शिकवायला लागले. सकाळी परभणीत, दुपारनंतर एक दिवस पाथरी, एक दिवस येलदरी. पाथरीची एसटी नाही मिळाली तर जीपमध्ये कोंबून घ्यायचे. येलदरीला धरणाच्या वसाहतीत एका खोलीत क्लास होता. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा आणि खडूची डबी. खडू साखरेच्या पाण्यात बुडवून वाळवलेले, म्हणजे भुकटी उडत नाही आणि रेघ ठसठशीत येते. बस लागायच्या आधी पाच मिनिटं माझ्या दुकानापुढच्या स्टुलावर टेकायचे, पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "चाललंय बघ बेटा. होतंय की."

मग लॉकडाऊन आला आणि गेला, आणि जाता जाता फळे घेऊन गेला. क्लासवाल्यांना कळलं की मास्तरांनी टॅबवर लिहायचं, ते भिंतीवरच्या पडद्यावर दिसतं, शिवाय रेकॉर्ड होतं आणि तेच पुन्हा विकता येतं. तिन्ही क्लासवाल्यांनी आपापल्या ऐपतीचा टॅब घेतला. परभणीवाल्याचा भारीतला. पाथरीवाल्याचा मधला, कंपनी वेगळी. येलदरीवाल्याने कुठून तरी सगळ्यात स्वस्त आणला, त्याची कंपनी मी दुकानदार असून कधी ऐकलेली नव्हती. टॅब क्लासचा, तो क्लासमध्येच राहायचा, आणि रेकॉर्डिंग त्याच्यावरच व्हायचं. पेन मात्र मास्तरांनी आपला आपला आणायचा. आणि तिन्हीकडे एकच निरोप: दिवाळीनंतर ज्याला टॅबवर लिहिता येईल तोच शिकवील.

सर दुकानात आले ते ह्या निरोपासकट. स्टुलावर बसले नाहीत.

"बेटा, असा पेन दे जो तिन्हीवर चालंल. आन् मला परवडंल."

ऐकायला किती सोपं आहे! मी काचेच्या कपाटातून होते नव्हते ते सगळे पेन काढले. पहिला रबरी टोकाचा. सगळ्यांवर चालतो, स्वस्तही आहे, पण टोक एवढं जाड की त्रिकोणाचा कोन कुठे झाला ते दिसत नाही. सरांनी एक रेघ ओढली आणि पेन खाली ठेवला. "हे तर सारवायलंय." दुसरा टोकाला पारदर्शक चकती असलेला. रेघ बारीक, सगळ्या कंपन्यांवर चालतो. सर खूश झाले, हात टेकला, आणि झालं. तळव्याची काळी रेघ. तिसरा बॅटरीवाला. त्याचंही तेच.

मग मी त्यांना खरं ते सांगितलं. तळहात कोणता आणि पेन कोणता हे ओळखणारा पेनही मिळतो. पण तो ज्या कंपनीचा टॅब त्याच कंपनीचा लागतो, आणि महाग असतो. परभणीसाठी एक, पाथरीसाठी दुसरा. येलदरीच्या टॅबला तसा पेनच निघालेला नाही.

सरांनी तिन्ही पेन एकाशेजारी एक लावून ठेवले. मग म्हणाले, "म्हंजी जो सगळ्यावर चालतो त्याला हात कळत न्हाई. आन् ज्याला हात कळतो तो सगळ्यावर चालत न्हाई."

"हात उचलून लिहा ना सर. आजकालची पोरं तसंच लिहितात."

त्यांनी हात उचलून दाखवला. अधांतरी तो थरथरत होता. इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं, कारण टेकलेला हात कधी थरथरला नव्हता.

चकतीवाला पेन त्यांनी घेतला आणि रोज बस लागायच्या आधी माझ्या काउंटरवर सराव सुरू केला. त्या दिवसांतल्या गमती सांगायच्या तर पुष्कळ आहेत. गोल काढताना हात वळेना म्हणून त्यांनी हाताखालचा टॅबच फिरवला. तर पडदाही गर्रकन फिरून सरळ झाला! सर दचकून मागे सरले. "अगं, हे बी फिरायलंय!" मी ते फिरणं बंद करून दिलं. एकदा त्यांच्या पिशवीत बाजारातून घेतलेली गाजरं होती. काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, एक गाजर काढलं आणि त्याचं टोक टॅबवर ओढलं. रेघ आली! दुसऱ्या कंपनीच्या टॅबवर ओढलं, तिथेही आली. "सगळ्यावर चालतंय की बेटा! आन् किती सस्तं!" दुकानातलं गिऱ्हाईक हसून बेजार. मी म्हटलं, "सर, गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली." त्यांनी खरंच ते मोडून अर्धं मला दिलं. आम्ही दोघं काउंटरच्या दोन बाजूंना उभे राहून गाजर खात होतो. सर मोकळे हसलेले मी पाहिले ते तेवढेच. हात टेकला की गाजराचंही तेच होत होतं, पण त्या दिवशी कुणी तो विषय काढला नाही.

त्यांना पर्याय काय होता सांगा. दुसरा धंदा येत नव्हता. मुलगी पुण्याला दिलेली, तिचं तिला पुरत नव्हतं. शिकवणं गेलं तर सर घरात बसून करणार काय? पैशाचं तर होतंच, पण मला वाटतं त्याहून मोठं दुसरं होतं. पोरांसमोर उभं राहिल्याशिवाय त्यांना आपण आहोत असं वाटतच नसावं.

तोड काढली ती काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने. जुना सुती मोजा कापून त्याचा अर्धा पंजा शिवला. करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि तळव्याची कड झाकलेली, बाकीची बोटं उघडी. कापडामुळे टॅबला तळवा कळेना. सर तो घालून दुकानात आले, हात टेकला, आणि पेनाची रेघ आली. नुसती पेनाचीच. एकामागून एक त्यांनी माझे सगळे टॅब करून बघितले. सगळ्यांवर चाललं.

"लय डोकं हाय तुमच्या काकूला," ते म्हणाले. डोळे भरून आले होते, ते पुसायला मोजा घातलेलाच हात वर नेला.

थंडीचे दिवस होते. तिन्ही क्लासवाल्यांनी परीक्षा घेतली आणि सर तिन्हीकडे पास झाले. पाथरीहून येताना माझ्यासाठी हुरडा घेऊन आले, कागदात बांधलेला, अजून कोमट. "होतंय की," म्हणाले. मलाही वाटलं, चला, ह्या माणसाचं एकदा तरी काही झालं.

आपण परभणीत राहतो हे दोघंही विसरलो होतो.

उन्हाळा आला. आमचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, दुपारी कावळासुद्धा दिसत नाही. पाथरीला सुट्टीतली बॅच होती, वर पत्रे, आणि शिकवता शिकवता लाइट गेली. पंखा बंद, भिंतीवरचा पडदाही बंद, पोरं पुढे सरकून टॅबमध्येच बघायला लागली. टॅबला बॅटरी होती, रेकॉर्डिंग चालूच राहिलं. सर वर्तुळ शिकवत होते. तळहाताला घाम, घामाने मोजा भिजला, आणि भिजलेला मोजा म्हणजे काय, उघडा हातच. टॅबला पुन्हा तळवा दिसायला लागला. सरांना हे कळलं नाही. घामाने चष्मा धुरकटलेला, अंग वाकवून ते टॅबभोवती फिरतायत, आणि पेनाचा गोल अर्ध्यावर तुटून मधे तळव्याचा गिचमिड काळा गुंता होतोय. शेवटचं बोटभर अंतर त्यांनी नेहमीसारखं हळू घेतलं. मग मागे सरकून पोरांकडे वळले आणि म्हणाले, "हे बघा. सुरू झालं तिथंच आलं."

पोरं फुटली. कशी न फुटतील? मी तिथे असते तर मीही हसले असते.

तेवढाच तुकडा कुणीतरी कापला, मागे बँडबाजा लावला आणि सोडून दिला. माझ्या मोबाईलवर तो चार ठिकाणांहून आला. बस वेळेवर न येण्यावर, रस्त्याच्या खड्ड्यांवर, पुढाऱ्यांच्या भाषणावर, सगळ्याला लोक तोच चिकटवायला लागले. सरांचा तो काळा गुंता आणि सरांचा तो आवाज. दुकानात हेडफोन घ्यायला आलेली पोरं आवाज तपासायला तोच लावायची. मी एकाच्या हातातून हेडफोन हिसकावला आणि म्हटलं, "घ्यायचा तर घे, नाही तर चालायला लाग." तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला काय माहीत!

पाथरीचा क्लासवाला पूर्वी सरांचाच विद्यार्थी. त्याने चांगल्या शब्दांत सांगितलं. सरांनीच मला ते ऐकवलं, स्टुलावर बसून, त्याच्याच आवाजात. "सर, तुमी आता आराम करा. भूमितीचे तयार व्हिडिओ घेतलेत आमी." मग परभणीवाल्यानेही तेच सांगितलं. येलदरीवाल्याने काही सांगितलंच नाही. सर गेले तर त्यांच्या तासाला पडद्यावर दुसराच कुणी शिकवत होता. पोरांनी ह्यांच्याकडे वळून पाहिलं. सर दारातून माघारी फिरले आणि एसटीची वाट बघत धरणाकडे तोंड करून बसून राहिले.

"लय पाणी हाय गं तिथं," एवढंच म्हणाले. मला भीती वाटली. मी म्हटलं, "सर, उद्या या हं दुकानात. नक्की या." ते म्हणाले, "येतो की. न येऊन कुठं जातो."

आले. पण बऱ्याच दिवसांनी. पिशवीतून नवा पंजा काढला, काळा कुळकुळीत. काकूंनी मोडक्या छत्रीच्या कापडाचा शिवला होता. छत्रीचंच कापड ते, ना घाम शिरत ना पाणी. दुकानात उकाडा मरणाचा होता, माझा पंखा नुसता गरम हवा ढकलत होता. सरांनी पंजा चढवला, काउंटरवरच्या टॅबवर हात टेकला, करंगळी रोवली आणि पेन फिरवायला सुरुवात केली. हात, मग अंग, मग कंबर. स्टूल मधे आलं तर मी ते ओढून बाजूला घेतलं. रस्त्यावरच्या रिक्षा, भोंगे, सगळं चालूच होतं, पण मी पुन्हा नववीत जाऊन बसले होते. शेवटचं बोटभर अंतर. टोकाला टोक मिळालं. काय गोल होता तो! काळ्या रेघेचा, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही, मधे एक डाग नाही.

सर मागे सरकले. मी वाट बघत होते. त्यांचं ते वाक्य काही आलंच नाही.

"सर," मी म्हटलं, "झालं की! आता तिन्हीवर चालतंय. जा ना, दाखवा त्यांना."

"कोणाला दाखवू, बेटा?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, खरंच विचारल्यासारखं. मग त्यांनी पडद्यावरची पुसायची खूण शोधली आणि बोटाने दाबली. गोल गेला. पंजा घडी करून खिशात ठेवला, पाणी प्यायले आणि "येतो," म्हणून गेले. ते पुन्हा आले नाहीत.

पुण्याला मुलीकडे गेल्याचं नंतर कळलं. तिकडे एका सोसायटीच्या फाटकावर कामाला बसवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला कुठे जायचं ते विचारायचं. मी मनाला समजावलं की बरं झालं, निदान सावलीत तर बसलेत.

गेल्या आठवड्यात काकू आल्या. इथली भाड्याची खोली खाली करायला एकट्याच आल्या होत्या. मी स्टूल पुढे केलं, पाणी दिलं. त्यांनी पाणी हातातच धरून ठेवलं.

"ताई, एक काम होतं तुमच्याकडं. तुमचं मोबाईलचं दुकान हाय म्हणून आले."

"बोला ना काकू."

"ते ह्यांचं व्हिडिओ काढून टाका की तेवढं."

मी हातातला चार्जर खाली ठेवला. त्या सांगत होत्या, "तिकडं बी आवाजावरून वळखलं वो. सोसायटीत आपल्याच भागातली पोरं ऱ्हातेत. फाटकातून जाता येता 'सुरू झालं तिथंच आलं' म्हंतेत आन् हसतेत. वाईट न्हाईत पोरं, गंमत करायलेत. पण हे आता खोलीतून भायेरच निघंनात. काम गेलं. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून ऱ्हातेत. जेवा म्हणलं तर जेवतेत, उठा म्हणलं तर उठतेत. बोलत न्हाईत."

"काकू, ते माझ्या हातात नसतं हो," मी म्हटलं. "ते कुणाच्याच हातात नाही आता. लोकांच्या मोबाईलमध्ये गेलंय."

त्यांना पटलं नसावं. माझ्या मागच्या भिंतीवर लटकलेल्या सगळ्या वायरी, चार्जर, हेडफोन त्यांनी नीट बघून घेतले. एवढं सगळं असून हिला एवढंसं जमत नाही, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पाणी एका घोटात प्यायल्या आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"बरं, मग दुसरं टाका. बराबर आलेलं. हितं तुमच्यासमोर काढलं होतं न्हवं त्यांनी, छत्रीच्या कापडाचा पंजा घालून? मला येऊन सांगितलं होतं, गोल बराबर आला म्हणून. त्याचं टाका. लोक बघतील, मग आपसूक गप बसतील."

त्या माझ्या मोबाईलकडे बघत होत्या. दुकानात त्या क्षणी कितीतरी मोबाईल होते, चालू, बंद, नवे, दुरुस्तीला आलेले. त्या दिवशीही एवढेच होते. आणि त्या गोलाचा व्हिडिओ कुणीच काढून ठेवला नव्हता.